स्विचवरचा हात

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. शाळेत फिजिक्स शिकवलं, त्यात तोंड फटकळ... त्यामुळे ही हकीगत वाचून माझे जुने विद्यार्थी हसतील. हसू देत.

१९६८चा हिवाळा. मी बावीस वर्षांची. नागपूरहून सावनेरकडे जाताना एका हौशी क्लबची मातीची धावपट्टी होती – आता तिथे प्लॉट पडलेत. क्लबकडे एकच विमान. एकावर एक अशा दुहेरी पंखांचं, कापडी अंगाचं, वरून उघडं, माझ्यापेक्षा वयाने मोठं. शिकणाऱ्यांत मुलगी मी एकटीच, आणि त्याचा मला गर्वही भारी होता.

त्या विमानाला सेल्फ-स्टार्टर नव्हता. मेकॅनिकने समोर उभं राहून पुढचा पंखा हाताने फिरवायचा. आधी स्विच बंद ठेवून तीन-चार फेरे, इंजिनात पेट्रोल ओढलं जावं म्हणून. मग स्विच चालू करून शेवटचा झटका. म्हणून पंख्याला हात लावण्याआधी मेकॅनिक ओरडून विचारायचा, "स्विच ऑफ?" आणि आत बसलेल्याने सांगायचं, "ऑफ." चुकून चालू राहिला, तर पंखा माणसाच्या हातातच सुरू व्हायचा.

आमचे मेकॅनिक किसनभाऊ. कुही गावचे, पन्नाशीचे, अबोल. उत्तर ऐकल्यावरही ते बाजूने येत, बैठकीच्या बाहेरच्या कडेवरचा स्विच स्वतःच्या बोटाने चाचपत आणि मगच पंख्याकडे जात. सगळ्यांशी असंच. पण मला ते झोंबायचं. एक दिवस चारचौघांत मी म्हटलंच, "किसनभाऊ, मी बाई आहे म्हणून भरवसा नाही का माझ्यावर?"

त्यांचा चेहरा उतरला. "तसं नाही वं ताई. मी तं साऱ्याइचंच पाह्यतो."

"माझं नका पाहू."

"बरं... नाही पाह्यत."

त्यानंतर आठच दिवस गेले. सकाळचे दहा, इंजिन आधीच्या फेरीने गरम. मी घाईत चढले. "स्विच ऑफ?" पाढा म्हणावा तसं मी "ऑफ" म्हटलं. किसनभाऊ सवयीने एक पाऊल माझ्याकडे आले, थांबले आणि परत फिरले. स्विच चालू होता.

पुढचं मी लिहिणार नाही. ते जागीच गेले.

चौकशीत ठरलं की मेकॅनिकने स्विच तपासला नाही, हलगर्जीपणा त्याचाच. मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, स्विच बंदच होता. खरं बोलले असते तर 'म्हणूनच पोरींना शिकवू नये' असं सगळे म्हणाले असते, अशी मी मनाची समजूत घातली. खरं तर मी भित्री होते, दुसरं काही नाही.

दोन महिन्यांनी नवा मेकॅनिक आला, सदाशिव. मी पुन्हा त्याच विमानात बसले. "स्विच ऑफ?" "ऑफ," मी म्हटलं, अगदी खात्रीने. तेवढ्यात डावीकडून एक हात आला. बाही कोपरापर्यंत दुमडलेली, नखांत काळं ऑइल... त्या हाताने स्विच खाली दाबला. खट्!

मी वळून पाहिलं. कुणीच नव्हतं. आजूबाजूला सगळं मोकळं मैदान. सदाशिव समोर, दोन्ही हात पंख्यावर. तो पांढराफटक पडला होता. "ताई, स्विच आत्ता बंद केला काय तुमी? मंग आधी ऑफ काहून म्हटलं?"

म्हणजे मी पुन्हा तीच चूक केली होती.

मी उतरले ती कायमची. दुसऱ्या दिवशी एसटीने कुही गाठलं. किसनभाऊंच्या पत्नी, गोदाबाई, अंगणात तांदूळ पाखडत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं – माझं बोलणं, माझं खोटं आणि तो हातही. सूप मांडीवर तसंच राहिलं.

"म्हंजे आमच्या यायची चूक नोयती?"

"नाही. माझी होती."

"पोरीच्या सासरी टोमने मारतात, तुहा बाप बेपर्वाईनं मेला म्हून. हे कागदावर लिहून देता काय जी?"

मी तिथेच बसून लिहून दिलं, सही केली. त्याचीच एक नक्कल क्लबला धाडली. त्यांनी माझं नाव काढून टाकलं, ते योग्यच केलं.

त्या हाताचा उलगडा मला अजून झालेला नाही. मनाचा खेळ म्हणावा, तर तो आवाज सदाशिवनेही ऐकला होता. फिजिक्सची पुस्तकं यात काही कामाची नाहीत.

त्या दिवशी मी निघताना गोदाबाई दारापर्यंत आल्या. "ताई, त्या नव्या मेकॅनिकले वाचवाले आले ते?"

"हो... मला तरी तसंच वाटतं."

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "माह्याकडं तं एकडाव बी नाही आले. मी रोज दार उघडंच ठेवून राहिली."