आत्याच्या मापाचा झगा

माझी आत्या शिवणकाम करते आणि बोलते. दोन्ही एकाच वेळी चालतं. फक्त ओठांत टाचण्या धरल्या, की दुसरं थांबतं. घरात तिला ‘रेडिओ’ म्हणतात. तेही तिनं उसंत दिली तर.

पाणथळ जागा निम्मी बुजवून झाल्यावर लोकांना क्रौंच पक्ष्यांची आठवण झाली, आणि काठावर एक केंद्र उभं राहिलं. घरटं सोडून गेलेल्या जोड्यांची अंडी तिथं उबवतात. अट एकच: पिल्लाला माणूस दिसता कामा नये, ऐकू येता कामा नये. नाहीतर ते माणसाला आपलं समजतं आणि जन्म पिंजऱ्यात काढतं. म्हणून भरवणाऱ्यानं तोंड झाकणारा पांढरा झगा घालायचा आणि लाकडी चोचीनं घास द्यायचा.

झगा शिवायचं काम आत्याकडे आलं. ती मापं घ्यायला गेली, गप्पांत रमली आणि मापं न घेताच परतली. मग कापड स्वतःच्या अंगावर बेतलं. आत्या चणीनं एवढीशी. झगा केंद्रात कुणालाच होईना, आणि उबवायला ठेवलेल्या अंड्याला तर तडा गेलेला, पिल्लू बाहेर यायच्या बेतात.

“आता तुम्हीच घाला,” केंद्राच्या बाई म्हणाल्या. “पण अक्षर बोलायचं नाही.”

आतोबा म्हणाले, “नशीबवान पिल्लू!”

दुसरा झगा होईपर्यंत पिल्लू हिच्याच मागे चालू लागलं होतं. आत्या झग्याआड ओठांत टाचण्या धरून त्याला चिखलात किडे शोधायला शिकवी. एकदा ते गाळात रुतलं. तिनं ते ओढून काढलं; ओठातून रक्त आलं, शब्द नाही.

पंख भरले तेव्हा शेवटची परीक्षा उरली. झगा न घालता समोर जायचं. पक्षी जवळ आला, तर पिंजरा.

“आता बोला,” बाई कुजबुजल्या. “वाट्टेल ते बोला.”

घरच्या कपड्यांत आत्या उभी राहिली. पक्ष्यानं मान वर केली. एवढ्या दिवसांचं साठलेलं, पण तिला काही सुचेना.

“जेवलास का रे?” ती म्हणाली.

तो दचकला, धावत सुटला, आणि लव्हाळ्यावरून पार पलीकडे, रानातल्या क्रौंचांत जाऊन उतरला.

“जमलं!” बाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी घरात मशीनचाच आवाज होता. आतोबांनी जरा वाट पाहिली. “काय गं, टाचण्या गिळल्यास की काय?”

“नाही,” आत्या म्हणाली.

एका शब्दाचं उत्तर लग्नानंतर त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं. ते उठून चहा टाकायला गेले.