शिट्टीबाईंचा तक्ता

हॉस्पिटलच्या तळघरात आमचा धुलाई विभाग होता आणि समोरच्या खोलीत माझं स्टोअर. मधे एक काचेची खिडकी. त्या खिडकीतून मी एकोणीस वर्षं चादरी येताना-जाताना बघितल्या. त्यातली साडेचार वर्षं शिट्टीबाईंची.

हे नाव त्यांना विभागानं पहिल्याच आठवड्यात ठेवलं, कारण त्यांच्या गळ्यात शिट्टी असायची. सव्वीस वर्षं त्यांनी मुलींच्या शाळेत रिलेचा संघ तयार केला होता. मग शाळेनं मैदानावर इमारत उठवली, संघ गेला, आणि कुणाच्या तरी शब्दावर बाई आमच्याकडे सुपरवायझर म्हणून आल्या. शिट्टी सवयीनं गळ्यात राहिली होती. आमच्याकडे त्यांनी ती एकदाही वाजवली नाही.

आधीचे सुपरवायझर दिवसभर ओरडायचे. बाई आल्या आणि पहिले आठ दिवस नुसत्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तीन मोठी धुलाई मशिनं, एक वाळवणी, चादरी दाबून काढणारा लांबलचक गरम रोलर आणि घड्या घालायची चार टेबलं. बारा माणसं. वरून वॉर्डांचे फोन: चादरी कुठे आहेत, पेशंट उघड्या गादीवर झोपवू का. बाईंनी सगळं बघितलं आणि नवव्या दिवशी सकाळी सगळ्यांना गोल उभं केलं.

"आजपासून काम सुरू करायच्या आधी पाच मिनिटं गप्प राहायचं. डोळे मिटून."

घड्या घालणाऱ्यांत एक बाई होती, तिला सगळे रेडिओ म्हणायचे. ती म्हणाली, "पाच मिनिटं गप्प? मला ॲडमिट करावं लागेल."

"इथंच आहेस की, वर नेऊन टाकू," थोरल्या मावशी म्हणाल्या. त्या विभागात सगळ्यांत जुन्या.

हसणं झालं आणि मग खरंच सगळे गप्प झाले. बाई हळू आवाजात सांगत होत्या: श्वास आत, श्वास बाहेर. आता तुमच्या हातात चादर आहे. चार कोपरे बघा. पहिली घडी, दुसरी घडी. माझ्या मुली शर्यतीच्या आधी मनात पूर्ण शर्यत पळून यायच्या.

त्यांच्या अशा बऱ्याच गोष्टी होत्या. कुणाची घडी चुकली की टेबलावर दोनदा थाप मारायची आणि चूक तिथंच सोडायची, पुढच्या चादरीत न्यायची नाही. दर आठवड्याला कॅप्टन बदलायचा. चूक सांगायची तर बाजूला नेऊन, कौतुक मात्र सगळ्यांसमोर. रोलरवरून चादर देणाऱ्याला त्या सांगायच्या, "बॅटन देतोस असं समज. घेणारीनं मागे वळून बघितलं तर वेळ गेला. तिचा हात बरोबर तिथं असेल, तू भरवसा ठेव." पहिले काही दिवस चादरी जमिनीवर पडल्या. मग पडायच्या थांबल्या.

आणि तक्ता. भिंतीवर मोठा कागद, बारा नावं, बारा ओळी. आठवड्याची सरासरी: एका शिफ्टमध्ये किती चादरी. नियम एकच, आपलीच ओळ वाचायची. शेजारच्या ओळीत डोकावताना कुणी सापडलं तर त्यानं सगळ्यांसाठी चहा आणायचा. बाई सांगायच्या, त्यांच्या संघात एक मुलगी होती, दरवेळी शेवटी यायची. एका वर्षात तिनं आपला वेळ दोन सेकंदांनी कमी केला. तरी शेवटीच आली. "पण रेषा ओलांडल्यावर सगळ्यांत मोठ्यांदा तीच ओरडली," बाई म्हणायच्या आणि त्यांचा चेहरा उजळायचा.

थोरल्या मावशींच्या बोटांचे सांधे सुजलेले असायचे. त्यांची सुरुवात एकशे चाळीसपासून झाली. लंबू नावाची उंच पोरगी तीनशेच्या वर जायची, पण मावशींना त्याचं काही नव्हतं. दर शनिवारी त्या तक्त्याजवळ जायच्या, आपल्या ओळीवर बोट ठेवायच्या आणि खिडकीतून मला ओरडून सांगायच्या, "भाऊ, अकरानं वाढले!"

आठ महिन्यांत वॉर्डांचे फोन बंद झाले. मग प्रशासक साहेब स्वतः खाली उतरून आले. तरुण माणूस, बोलायला मऊ. पाच मिनिटांच्या गोलात डोळे मिटून उभे राहिले. जाताना म्हणाले, "बाई, सगळ्या विभागप्रमुखांना हे सांगाल? खेळाडूचं मन कामाच्या ठिकाणी कसं आणायचं, ते."

बाईंनी चार दिवस तयारी केली. भाषण मीही मागे उभं राहून ऐकलं. बोलताना त्या थोड्या लाजल्या होत्या, पण शेवटी टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी साहेबांनी निरोप पाठवला, तो तक्ता बघायला मिळेल का. बाईंनी स्वतः खिळे काढले, कागदाची गुंडाळी केली आणि माझ्या हातात दिली.

"जपून न्या हं, भाऊ. एक कोपरा फाटलाय."

मी नेला. साहेबांच्या टेबलावर मीच ठेवला.

पंधरा दिवसांनी कागद आला. धुलाई विभागातून तीन जागा कमी. थोरल्या मावशी, रेडिओ आणि मशिनं चालवणारे मामा. बाईंनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि मला म्हणाल्या, "माझ्याबरोबर वर येता का?"

साहेबांनी उठून खुर्ची दिली. बाई बसल्या नाहीत.

"ही तीन नावं कुठून आली?"

"तक्त्यावरून," साहेब म्हणाले. "सगळ्यांत खालचे तीन आकडे."

"साहेब, त्या ओळी एकमेकींशी लावायच्या नव्हत्याच. ज्याची त्याची शर्यत स्वतःशी होती. मी सांगितलं होतं."

"हो, भाषणात. फार छान बोललात तुम्ही." त्यांना ते मनापासून वाटत होतं, हीच पंचाईत होती.

"मामांचे रकाने कोरे आहेत कारण त्यांचं मशीन बंद होतं. कोरा म्हणजे शून्य नाही. रेडिओ ऑपरेशननंतर महिनाभरानं परत आली. आणि मावशी बाराही जणांत सगळ्यांत जास्त वाढल्यात. हवं तर टक्के काढून बघा."

"काढले मी," साहेब म्हणाले. "खरं आहे तुमचं." "पण वरून आकडा आलाय. बाराजणांचं काम नऊजणांत होतं, हे आपल्याच विभागानं दाखवलंय. मी नावं दिली नसती तर त्यांनी दुसऱ्या कुठल्या तरी पद्धतीनं काढली असती."

"मग माझं नाव घाला."

"बाई, तुमचं नाव घालून या तीनातलं एक कमी होत नाही. सुपरवायझरांची यादी वेगळी असते."

बाई उभ्याच राहिल्या. मैदानावर त्यांच्याकडे प्रत्येक अडचणीवर काहीतरी होतं: श्वास घ्यायचा, चूक सोडायची, पुढच्या शर्यतीकडे बघायचं. इथं काय करायचं हे त्यांना सुचेना. जिन्यात त्या कठड्याला धरून थांबल्या आणि म्हणाल्या, "मी त्यांना आकडे लिहायलाच शिकवायला नको होतं." मी म्हणालो, "तुमचा काय दोष?" ते माझं मलाच पोकळ वाटलं.

दुसऱ्या दिवशी गोलात त्यांनी स्वतःच्या तोंडानं तिघांना सांगितलं. नोटीस हातात पडण्याआधी आपल्याकडून कळावं, एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं. मामांनी मान हलवली आणि सवयीनं मशीनचं दार पुसायला घेतलं. रेडिओ एक शब्द बोलली नाही. तिला तशी बघून लंबू रडायला लागली.

त्यानंतर पाच मिनिटांचा गोल सगळ्यांनाच नकोसा झाला. बाईंनी दोनदा बोलावून बघितलं. लंबू म्हणाली, "बाई, रागावू नका. डोळे मिटले की पुढचं नाव कुणाचं, हेच दिसतं." आता सगळे एकमेकांच्या गठ्ठ्यांकडे तिरक्या नजरेनं बघायचे. कुणी चुकलं तर चूक लपवायचं. चुरगळलेली चादर गठ्ठ्यात मधे सारायचं. आणि गंमत अशी की काम कमी झालं नाही. नऊजण बाराजणांचं ओढत होते, भीतीनं. साहेबांनी बाईंना कौतुकाचं पत्र पाठवलं. ते त्यांनी माझ्या काउंटरवर ठेवलं आणि म्हणाल्या, "तुमच्याकडेच ठेवा. घरी नेलं तर हे विचारतील."

'हे' म्हणजे त्यांचे यजमान, निवृत्त बसचालक. ते एकदा मला रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "हिला सांगा ना राजीनामा दे म्हणून. झोपेत टेबलावर मारल्यासारखी थाप मारते." मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "सोडलं तर या नऊजणांच्या डोक्यावर कोण येईल?"

तिघांना परत घ्या म्हणून त्यांनी वर तीन अर्ज केले. पहिल्याची पोच मिळाली, बाकीच्यांची तीही नाही. आकडे लिहायचे त्यांनी बंद केले, तर वरून एक यंत्रच आलं. घडी झाली की आपोआप मोजणारं. ते टेबलाच्या कडेला लाल आकडा दाखवत बसायचं, आणि तो आकडा सगळ्यांना दिसायचा.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा विभागात सातजण उरले होते.

त्यानंतर काही महिन्यांनी त्यांचा मला फोन आला. थोरल्या मावशींना भेटायला जायचंय, एकटीला जाववत नाही. आम्ही दोघं गेलो. मावशी लेकीकडे राहत होत्या, एका लांब गल्लीच्या टोकाला, वरच्या मजल्यावर. त्या पुष्कळ वाळल्या होत्या. आम्हाला बघून खूष झाल्या, लेकीला चहा टाकायला सांगितलं, सगळ्यांची चौकशी केली. रेडिओला एका कँटीनमध्ये काम मिळालं, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. मामांचं मात्र कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

मग त्या बाईंकडे वळल्या. आवाजात राग नव्हता.

"बाई, एक विचारू? माझा शेवटचा आकडा किती होता?"

"दोनशे सात."

"आणि सुरुवातीचा?"

"एकशे चाळीस."

"म्हणजे मी वाढले होते."

"हो, मावशी. सगळ्यांत जास्त."

"मग मला का काढलं?"

बाईंनी तोंड उघडलं. सव्वीस वर्षं त्यांनी हरलेल्या मुलींना समजावलं होतं. शब्दांची वाण त्यांना कधी पडली नव्हती. त्यांनी मावशींचा सुजलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि धरून ठेवला. लेक चहा घेऊन दारात आली, आमच्याकडे बघितलं आणि तशीच थांबली. मावशी वाट बघत होत्या. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

परतताना स्टॉपवर बाईंनी मला विचारलं, "तुम्ही काय सांगितलं असतं?"

मी बस येतेय का ते बघत राहिलो.