सरकारी डबी

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधलं वर्ष. नेवासा तालुक्यात, बैलबाजार भरणाऱ्या एका गावी, सरकारी दवाखान्यात मी औषधं द्यायला होतो. आमच्या घरातला पहिला बी.एस्सी. मीच. त्याचा अभिमान होता, आजही आहे. बँका घेतल्या तसे दवाखानेही सरकारनं ताब्यात घ्यावेत, असं मी कॉलेजात भांडून सांगायचो. इथं मात्र बाजारादिवशी रस्त्यापलीकडच्या खासगी डॉक्टरकडं ओळ लागायची. तो पैसे घ्यायचा आणि येईल त्याला सुई टोचायचा. आमच्या गोळ्या फुकट. आमचे डॉक्टर दुसऱ्या गावी गेले की दवाखान्यातल्या लांबलचक बाकावर मी एकटाच.

वडील बाजाराला आले की भाकरी बांधून माझ्याकडं टेकायचे. त्या हिवाळ्यात त्यांचा खोकला हटेना, अंगही उतरलं होतं. मला क्षयाची शंका होती. मी झाकणाची पत्र्याची डबी पुढं केली.

"दादा, सकाळी उठल्या उठल्या ह्यात बेडका घ्या. नगरला तपासून आणतो. क्षय निघाला तर औषध आहे, तेही फुकट."

"फुकट हाय म्हनून तर भ्या वाटतं, सायेब," ते थट्टेनं म्हणाले. " बाजारात कुनी बैल फुकट द्याया लागला तर आपुन आदी त्याचं पाय बगतो."

"आणि उद्या सगळेच डॉक्टर सरकारी झाले तर?"

"येकच व्यापारी ऱ्हायला, तर भाव कुनासंगं करायचा?"

स्वतःच्याच बोलण्यावर ते हसले आणि हसता हसता खोकू लागले. डबी मात्र त्यांनी बंडीच्या खिशात टाकली. मला बरं वाटलं.

पुढच्या बाजाराला त्यांनी ती काढून टेबलावर ठेवली. मी जपून झाकण उघडलं. आत चुना होता.

"झाकन लई घट हाय," ते म्हणाले. "सरकारनं येवढं बेस केलं. आजून येक दे. तुजी आय मिसरीला मागती."

"दादा, ही खोकल्यासाठी दिली होती."

"खोकल्याला तिकडं सुई घेतो की. दोन दिस बरं वाटतं."

मी दुसरी डबी दिली. सकाळचा बेडका, हे पुन्हा सांगितलं. ते "व्हय, व्हय" म्हणत रस्ता ओलांडून ओळीत उभे राहिले. मी बाकावर येऊन बसलो. बाजाराचा एवढा गलका, पण त्यांचा खोकला मला इथवर वेगळा ऐकू येत होता.