आमच्यातही अगदी असंच असतं

तीसेक वर्षांपूर्वी मी अॅरिझोनातल्या चँडलरला आले तेव्हा माझ्याबरोबर दोन बॅगा, एक नवरा, एक मुलगी आणि एक वाक्य होतं. बॅगांची चाकं तुटली. नवरा गेला. मुलीचं लग्न झालं आणि आता मीच तिच्या घरी राहते. वाक्य मात्र अगदी परवापरवापर्यंत ठणठणीत होतं. "आमच्यातही अगदी असंच असतं."

शेजारच्या मेक्सिकन बाईनं मक्याच्या पानात गुंडाळून उकडलेलं काहीतरी खायला दिलं, की मी घास तोंडात असतानाच सांगायची, आमच्यातही हळदीच्या पानातल्या पातोळ्या असतात. नवऱ्याच्या ऑफिसातला कोरियन माणूस कमरेतून वाकला, की आमच्यातही नमस्कार असतो. समोरच्या ज्यू म्हातारीचा नवरा वारला, तिनं घरातले आरसे झाकले, तर मी सांत्वनाला जाऊन तिला सुतक समजावून आले. बिचारी रडायची थांबली. मला तेव्हा वाटलं, तिला बरं वाटलं.

त्या वेळची मी म्हणजे खरोखर बघण्यासारखी वस्तू होते. आमच्या लायब्ररीत दर वसंतात एक संस्कृतींचा दिवस असायचा, अजूनही असतो. त्या दिवशी मी उन्हात पैठणी नेसून, चापाची नथ लावून, प्लास्टिकचा गजरा माळून स्टेजवर उभी राहायची, आणि मिळालेल्या दहा मिनिटांत अमेरिकन लोकांना कर्म, पुनर्जन्म आणि उकडीचे मोदक समजावून सांगायची. मोदक त्यांना पटायचे.

अशाच एका वर्षी माझ्यानंतर एक अपाची बाई, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, स्टेजवर आली. पूर्वेकडे दोनेक तासांवर डोंगरात तिच्या लोकांची वस्ती. ती स्वतः फिनिक्सच्या एका शाळेत गाणं शिकवायची. माझ्याच वयाची, अंगात फुलाफुलांचा लांब घोळदार झगा. बरोबर तिचा भाऊ आणि त्याचा ढोल. ढोल म्हणजे एक लोखंडी हंडी, आत थोडं पाणी, तोंडावर ओलं कातडं ताणून बांधलेलं. आवाज कानापेक्षा पोटातच आधी कळायचा.

बाई माइकवर म्हणाली, "आज आम्ही म्हणणार ती गाणी सगळ्यांनी मिळून नाचायची आहेत. ती तुम्हाला ऐकवायला हरकत नाही. जी ऐकवायची नाहीत त्यांच्याबद्दल विचारू नका."

अर्थात पहिला प्रश्न त्यांच्याबद्दलच आला.

तिनं तो परतवला आणि मग मुलींबद्दल बोलली. मुलगी वयात आली, की आमच्याकडे तिच्यासाठी चार दिवसांचा सोहळा होतो, म्हणाली. सगळे नातेवाईक जमतात. पुरुष गातात, मुलगी नाचते, तासन् तास, पाय दुखले तरी. लोक तिच्या गालांना, केसांना पिवळे पराग लावतात, आणि मग म्हातारेकोतारेसुद्धा तिच्याकडेच आशीर्वाद मागतात. "तू मोठी झालीस, हे आमच्या मुलीला कुणी कानात सांगत नाही," ती म्हणाली.

पिवळं म्हटल्यावर मी कसली गप्प बसतेय? गेले तरातरा, घेतला माइक.

"आमच्यातही अगदी असंच असतं! आम्ही हळद लावतो. मुलीला मखरात बसवतो, ओटी भरतो, बायका गाणी म्हणतात. वी सेलिब्रेट अवर गर्ल्स!"

टाळ्या पडल्या. तिला पडल्या होत्या त्याहून जास्तच.

"कोणती गाणी?" तिनं विचारलं. खोचकपणे नाही. गाण्याच्या शिक्षिकेला विचारावंसं वाटेल तसं.

"खूप आहेत."

"एखादी ओळ?"

मी लायब्ररीच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. वेळ संपली होती, काय करणार!

खरी गोष्ट अशी की मखर मी एकदाच पाहिलं होतं, माझ्या थोरल्या बहिणीचं, कऱ्हाडला. केळीचे खुंट, मधे शालू नेसलेली ताई, आणि आत्या गातेय. माझी पाळी आली तेव्हा मी नववीत, शास्त्रात वर्गात पहिली, आणि अक्कल सगळी वेणीच्या रिबिनीत. आत्या ओटीचं ताट घेऊन दारात आली, तर मी म्हणाले, "मी शाळेत सायन्स शिकते. मला असले गावंढळ प्रकार नकोत." आत्या ताट घेऊन परत गेली. त्या खोबऱ्याच्या वाट्यांचं पुढे काय झालं, कोण जाणे. मी मात्र दिवसभर आधुनिक म्हणून घरात मिरवले.

तर अशी ही मी, अॅरिझोनात मखराची ब्रँड अॅम्बॅसडर.

त्या बाईची आणि माझी पुढे मैत्री झाली. का झाली, तिलाच ठाऊक. कार्यक्रम संपला की आम्ही पार्किंगच्या पत्र्याखाली सावलीत बसून माझे धपाटे खायचो. तिनं घरून चादरीएवढी मोठी, पातळ रोटी आणली, की मी तोंड उघडायची आणि ती म्हणायची, "गप्प बस. खा." मग आम्ही प्रेक्षकांच्या नकला करायचो. तिच्या वाट्याचे लोक माझ्या लोकांपेक्षा फार वरचढ होते. एकानं तिला नवं घर शुद्ध करायला बोलावलं होतं, बाथरूमं तीन आहेत असं बजावून. एका बाईनं विचारलं, माझ्या आतलं जनावर कोणतं ते सांगाल का? "मी तिला सांगितलं, कोंबडी," ती म्हणाली. "खूश होऊन गेली."

पण हसून झालं की ती कडू व्हायची. तिच्या आजीच्या काळी सरकारनं हे सगळं बंद पाडलं होतं. पोरांना लांबच्या बोर्डिंगात नेऊन केस कापले, आपल्या भाषेत बोललं तर मारलं. सोहळे डोंगरात लपून करावे लागले. आणि आता ते बंद पाडणाऱ्यांचीच नातवंडं पहिल्या रांगेत डोळे मिटून बसतात.

"त्यांना ढोल आवडतो," ती म्हणायची. "पाणी आत कसं राहतं, ते विचारतात. गाणं घेतलं तर त्याच्यामागे काय काय करावं लागतं, ते सांगायला लागले की घड्याळ बघतात. वर्षभर शिजवण्याची तयारी, जन्मभराचे नवे सोयरे, कुणी आजारी पडलं तर रात्रीबेरात्री जाणं. त्यांना गाणं हवंय गं. नातेवाईक नकोत."

"मग कशाला येतेस दर वर्षी?"

"नाही आले तर माझ्या जागी कुणीतरी बासरीवाला बोलावतील. पिसं लावून."

आमच्यावर कुणी बंदी घातली नव्हती, हे मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं. आमच्याकडे मी होते, तेवढी पुरली.

दोन वर्षांपूर्वी तिच्या नातीचा सोहळा झाला. मला बोलावणं आलं. मी काय करावं? घडीची खुर्ची, टोपी, थर्मास, कॅमेरा आणि ओटीचं सामान घेऊन गेले, नाटकाला पहिल्या रांगेचं तिकीट मिळाल्यासारखी. तिनं कॅमेरा माझ्याच गाडीच्या डिकीत ठेवायला लावला आणि मला फांद्यांच्या मांडवात नेलं. तिथे बायका शे-दोनशे माणसांचा स्वयंपाक करत होत्या.

"बघायला आलीस?" ती म्हणाली. "हे बघ." आणि बटाट्यांचं पोतं माझ्यासमोर ठेवलं.

पूर्ण एक दिवस मी बटाटे सोलले. ढोल ऐकू यायचा, पुरुषांचं गाणं ऐकू यायचं, मुलीच्या कपड्यांवरच्या पत्र्याच्या घुंगरांची छुनछुन यायची. दिसायचं काही नाही. दिसायचा तो धूर. शेजारची म्हातारी गाण्याच्या मधेच चाकू थांबवायची आणि "दमली ती आता" असं म्हणायची. न बघता. तिला पावलांवरून कळत होतं.

दुसऱ्या दिवशी रांगेत माझाही नंबर आला. बारा-तेरा वर्षांची पोर, ओठ सुकलेले, चेहरा पिवळाधमक. मी चिमूटभर पराग तिच्या गालाला लावले आणि सवयीनं तोंड उघडलं. बाजूलाच माझी मैत्रीण उभी होती.

"बोल ना," ती म्हणाली. "तुमच्यातही असंच असतं. मग तुझ्या नातीचं कधी?"

माझी नात तेव्हा दहा वर्षांची होती. परतीच्या वाटेवर मी ठरवूनच टाकलं. करायचं. गाण्यांसकट करायचं. पोरीला कानात सांगायचं नाही.

आधी इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या तरुण मुलींना विचारलं. "काकू, सो क्यूट!" त्यातली एक म्हणाली. "आपण थीमच ठेवू या ना, सगळं रेड. केक पण रेड व्हेल्वेट. मी डेकोरेशन ऑर्डर करते." मी म्हटलं, गाणी? तर म्हणाली, "प्लेलिस्ट लावू ना, नो टेन्शन."

मग कऱ्हाडला ताईला फोन केला.

"ताई, मखराची गाणी आठवतात का गं?"

"का? तुला बसवायचंय?"

"नातीला."

"तिकडे?" ताई फोनवर इतकी हसली की तिला ठसका लागला. "आत्याला दारातून हाकललीस तेव्हा काय म्हणाली होतीस, आठवतं का? सायन्स शिकते म्हणे."

"आठवतं. आता गाणं सांग."

"अगं, गाणं आत्याला यायचं. आम्ही नुसत्या तिच्यामागून म्हणायचो. प्रत्येक ओळीच्या शेवटी 'गं बाई' यायचं, तेवढं आठवतंय."

"आणि मधलं?"

"मधलं आत्याबरोबर गेलं."

एवढं जमवून मी मुलीसमोर विषय काढला. ती डिशवॉशरमध्ये ताटं लावत होती. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. माझी मुलगी शांत झाली की मी घाबरते.

"आई, हे सगळं कॅन्सल कर."

"अगं, पण आपली परंपराच आहे ती. मी लायब्ररीत सुद्धा..."

"मी होते त्या दिवशी. तिसऱ्या रांगेत."

"कुठल्या दिवशी?"

"माझं पोट दुखत होतं, आणि तुझ्या पैठणीच्या सेफ्टी पिना माझ्या पर्समध्ये होत्या म्हणून तू मला नेलंस. आदल्याच आठवड्यात मला बाथरूममध्ये पाकीट दिलं होतंस. कानात सांगितलंस, बाबांना कळू देऊ नको, देवाच्या कपाटाला हात लावू नको. आणि मग तू माइकवर. वी सेलिब्रेट अवर गर्ल्स." तिनं एक ताट काढून पुन्हा लावलं. "सगळे टाळ्या वाजवत होते. मीपण वाजवल्या. मला वाटलं, या कुठल्या मुली?"

मी म्हातारी झाल्यापासून कुठल्याही गोष्टीवर काहीतरी चावट बोलून सुटते. त्या दिवशी मी ओट्यावरचे उरलेले चमचे तिच्या हातात दिले.

तरी मी हट्ट सोडला नव्हता. पोरीची वेळ येईल तेव्हा बघू, म्हटलं. तोवर तिच्या आईचं मन वळेल, नाहीतर मी एखादं गाणं रचीन आणि चारशे वर्षांपूर्वीचं म्हणून ठोकून देईन. इथे कोण तपासायला येणार?

यंदाच्या लायब्ररीच्या दिवसाला मी पैठणी नेसले नाही. साधी सुती साडी नेसून नातीला घेऊन मागे बसले. मैत्रीण आता काठी घेते. भाऊ दोन वर्षांमागे गेला, त्याचा मुलगा ढोल वाजवतो. तिनं सगळ्यांचं गोल नाचायचं गाणं सुरू केलं आणि लोकांना उठवलं. माझी नात उठली. आम्ही पैसे भरून तिला भरतनाट्यमला घातलं तेव्हा तिनं रडून घर डोक्यावर घेतलं होतं, आणि इथे अनोळखी म्हातारीचा हात धरून गोलात फिरत होती.

नंतर आम्ही पार्किंगच्या कडेला जमलो. ढोल वाजवून झाला, की कातडं सोडतात आणि आतलं पाणी जमिनीला देतात. पहिल्या वर्षी ते मी मदत म्हणून बेसिनमध्ये ओतायला निघाले होते, तेव्हा मैत्रिणीनं माझ्या हातातून हंडी काढून घेतली होती. आता तिनं ती नातीच्या हातात दिली. नातीनं हळूहळू एका झुडपाच्या बुडाशी पाणी ओतलं.

मैत्रीण माझ्याकडे वळली. "मग? हिचं कधी?"

उत्तर नातीनं दिलं. "ओह, दॅट? लाइक, टू मंथ्स अगो. इट्स फाइन. मॉम सेड डोंट टेल आज्जी, शी'ल मेक इट अ थिंग."

ती सहज म्हणाली, हंडीतला शेवटचा थेंब झटकत. एकाच घरात राहतो आम्ही. माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे हिची बाथरूम. दोन महिने तिथे कुजबूज चालली होती, आणि या वेळी जिच्यापासून लपवायचं ती मी होते.

मैत्रीण हसेल असं मला वाटलं. हसली नाही. नातीचे दोन्ही खांदे धरून तिनं मागे ढकलले. "नाचलीस बरी. पण वाकून चालू नकोस. आता उंच झालीस तू." एवढंच. पोर खरंच ताठ उभी राहिली.

तेवढ्यात मुलगी गाडी घेऊन आली. काच खाली करून तिनं आमचे चेहरे पाहिले आणि तिला कळलं. मी तोंड उघडलं.

"आई, प्लीज. काही बोलू नकोस."

"मी कुठे काय बोलतेय?"

मी पुढे बसले. मागच्या सीटवर नात मघाचं गाणं तोंडातल्या तोंडात गुणगुणत होती, ते अपाची गाणं, सगळ्यांना ऐकवायला हरकत नसलेलं. प्रत्येक ओळीच्या शेवटी ती श्वास घ्यायला किंचित थांबत होती. तिथे बरोबर "गं बाई" बसलं असतं. मी म्हटलं नाही.