भिजवलेले गहू

समोरच्या गच्चीवर शैलाताई कुरडया घालायला जुनी साडी अंथरत होत्या. शेजारी पातेल्यात गव्हाचा शिजलेला चीक वाफाळत होता, आणि पश्चिमेचं आभाळ दुधात शाई सांडावी तसं हळूहळू काळवंडत होतं.

मला खिडकीत बघून त्यांनी विचारलं, "पाऊस येईल का हो?"

"छे! वाऱ्यानं पांगतील हे ढग," मी ठामपणे म्हटलं.

त्यांचा चेहरा खुलला. पण जिन्याच्या पायरीवर बसलेल्या त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, "शैला, आधी त्या चिकाकडं पाठ कर आणि मग वर बघ."

किती खरं! एकदा गहू भिजत घातले की ढगसुद्धा पांगणारेच दिसायला लागतात. स्थळ बघताना, घर घेताना, घरातल्या कुणाच्या खोकल्याला 'हवा बदललीय' म्हणताना आपण आभाळ बघतच नसतो, भिजवलेले गहू बघत असतो. आभाळाला बिचाऱ्याला आपल्या पातेल्यात काय शिजलंय याचा पत्ताही नसतो. ते आपल्याच तंद्रीत, सावकाश चालत येतं.

शैलाताई पाठ फिरवून उभ्या राहिल्या. पदर वाऱ्यावर फडफडत होता. थोड्या वेळानं त्यांनी साडी गोळा केली आणि त्या म्हणाल्या, "आत पंख्याखाली घालू या."

मला मात्र कळेना, माझे तर काही गहू भिजलेले नव्हते. मग मी एवढ्या खात्रीनं कशी बोलले?

मागं वळले, तर माझ्या गॅलरीत सकाळी धुतलेल्या गोधड्या दोरीवर निथळत होत्या.