बाळंतीण जमीन

एक शब्द चुकीचा लिहिला, एवढंच माझ्या हातून झालं. ‘पडीक.’ फॉर्म तुम्हीही भरले असतील; रिकामा रकाना दिसला की हात शिवशिवतोच.

दोन हजार सालाच्या आसपास मी नाशिकच्या एका संस्थेत सर्वेक्षण करायची. खांद्याला शबनम, पायात गुळगुळीत चपला आणि अख्खी पृथ्वी वाचवायची घाई. पेठच्या डोंगरात झाडं लावायची, ती परदेशी कारखान्यांचा धूर शोषणार, अशी योजना. पडीक जमीन शोधायचं काम माझं.

उतार दाखवायला एक साठीची बाई आली. मी दर वळणावर धापा टाकायची आणि ती म्हणायची, "टेक जरा, ताई. डोंगर कुठं पळत नाय."

तिच्या उतारावर नुसतं गवत होतं.

"इथे काहीच पिकत नाही का, मावशी?"

"बाळंतीण हाय ती. उठवू नको."

नागली, वरई, खुरासणी देऊन जमीन दमते, मग तिला काही वर्षं निजू द्यायचं, हे तिने मला नीट समजावलं. मी कौतुकाने मान डोलावली आणि लिहिलं, पडीक. बाळंतिणीचा रकाना नव्हता ना.

संमतीच्या कागदावर अंगठा उठवण्याआधी तिने विचारलं, "धूर कोणाचा?"

"परदेशातल्या कारखान्यांचा."

"मंग झाडं तिथं लाव. त्यांना जागा नाय?"

"जागा आहे, पण तिथे महाग पडतं."

"म्हणजे आम्ही स्वस्त," ती म्हणाली आणि हसली. मीही हसले. झाडं कडेकडेने लागतील, असं तिला मीच सांगितलं होतं. मला तसंच वाटायचं. कुणाला विचारून खात्री करावी, हेही सुचलं नाही.

पुढे उतारभर रोपं लागली, भोवती तारेचं कुंपण आलं, इंग्रजी पाटी आली. जमीन उठायच्या वर्षी मी गेले, तर ती कुंपणाशी उभी होती. टोपलीत नागलीची रोपं, तिनेच वाढवलेली, माना टाकलेली.

"कुठं लावू, ताई?"

मी कार्यालयात धावले. तो शब्द खोडा म्हणाले. साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, करार झालाय. सर्वेक्षणाच्या फॉर्मवर सही तुमचीच आहे."

ती दिंडोरीकडे द्राक्षबागेत मजुरीला गेली. तिथेच आजारी पडली आणि गेली. मला दोन महिन्यांनी कळलं.

मी तिच्या घरी गेले. सून चुलीपाशी होती. चूक माझी होती, असं म्हणताना मला रडू आवरेना. सुनेने माझ्यापुढे ताटली सरकवली आणि म्हणाली,

"आई सांगून गेली, ताई आली तर बोल लावू नको, भाकर वाढ. नागलीची नाय ही, रेशनच्या गव्हाची हाय. चालंल ना तुला?"