दोन श्रावण आणि सुकडी

विद्यापीठात संगणक आला तेव्हा त्याला देवघराचा मान होता. चपला बाहेर काढून आत जायचं. त्याच्यापुढं आम्ही तिघं बसायचो: गृहविज्ञानच्या बाई, ज्वारीवर काम करणारे सर आणि संख्याशास्त्राची मी. ऊसतोडीच्या टोळ्या वैशाखात परतल्यावर बाईंनी राणीसावरगावाकडं जाऊन तान्ह्या लेकरांची वजनं घेतली होती. सरांकडं त्याच गावांतल्या ज्वारीचे उतारे होते. दोन्हींचा मेळ मी घालायचा. सर ज्वारीशिवाय बोलत नसत, बाई लेकरांशिवाय, आणि मला दोघांचंही निम्मंच कळे. तीन तिघाडा काम बिघाडा, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणायची.

पण लेकरं वयाच्या मानानं हडकुळी ठरली, तर त्या गावांना सरकारी पोषण आहाराची सुकडी सुरू होणार होती. आणि ती ठरली. पहिला कागद बाहेर आला तेव्हा बाईंचे डोळे भरले. "मिळणार गं सुकडी," त्या म्हणाल्या.

सरांनी कागद उलटसुलट पाहिला. "आयांनी जन्म कधीचा सांगितला?"

"बहुतेकींनी श्रावणातला. कुणी पंचमीला म्हणाली, कुणी पोळ्याला. तारखा कुणाच्या लक्षात असतात?"

"गेल्या साली श्रावण दोन होते. आपण कोणता धरला?"

आम्ही पहिला धरला होता. कॅलेंडरात तो आधी छापला होता ना! पण आमच्याकडं अधिक महिन्याला श्रावण म्हणतं कोण? तो धोंड्याचा महिना. त्यात जावयाला वाण देतात. पंचमी आणि पोळा त्यात येतच नाहीत. तिघंही इथलेच, घरोघरी धोंडे खाल्लेले, आणि संगणकापुढं बसताना शहाणपण चपलांबरोबर बाहेर ठेवलेलं!

खरा श्रावण नंतरचा, म्हणून लेकरांचं वय महिन्यानं उतरवलं. नव्या कागदात बरीचशी लेकरं हडकुळेपणाच्या रेघेच्या वर सरकली. गुटगुटीत नव्हेत, पण हडकुळीही नव्हेत. म्हणजे सुकडी गेली. लेकरं बरी निघाली आणि आम्ही सुतक आल्यासारखे बसलो. मला माझाच राग आला. आनंद व्हायला हवा होता ना?

सर म्हणाले, "खरं ते खरं." बाई म्हणाल्या, "पण पोट कुठं भरतंय त्यांचं?" मला दोघांचंही पटत होतं, आणि दोन्ही एकदम कसं पटतं तेच कळत नव्हतं.

गावात सांगायला आम्ही दोघी गेलो. नामांतराच्या आंदोलनामुळं एसटी बंद होती, म्हणून खात्याच्या जीपनं. एक आई लेकराला मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती. बाई म्हणाल्या, "तुमचं लेकरू बरं आहे. वयाच्या मानानं वजन ठीक आहे."

ती हसली. लेकराच्या गालांवरून हात फिरवून तिनं आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. मग म्हणाली, "मंग सुकडी कवा यायलीय?"

"ती आता नाही यायची. लेकरं अशक्त असतील त्याच गावांना देतात."

तिनं लेकराला पदराखाली घेतलं. मग हळूच म्हणाली, "तर मंग बाई, माझं लेकरू लय अशक्त हाय असंच लिव्हा की."

आत्ताच त्याची दृष्ट काढलेली आई हे म्हणत होती.